हुजुरांच्या नाकासमोरचा गोंडा

मला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं, म्हणून मी बँडमास्तर झालो.

हैदराबादेत एका गोऱ्या साहेबाच्या बँडात मी त्याच्यापुढचे कागद उलटायला होतो. हा साहेब म्हणे विलायतेत मोठमोठ्या संगीत नाटकांपुढे उभा राहून काठी हलवायचा. माणसं फुंकून फुंकून घामाघूम व्हायची आणि टाळ्या पडायच्या काठीला! असा धंदा दुसरा नाही हे मला तेव्हाच पटलं. साहेब मायदेशी गेला आणि मी त्याची विद्या घेऊन लिंबागणेशला घरी परतलो.

आमचं घर गुरवाचं. देवळातला चौघडा आमच्याकडे. वडील, म्हणजे आबा, नगाऱ्यावर आणि काका सनईवर.

"काय वाजवाया शिकलास?" आबांनी विचारलं.

"मी वाजवत न्हाई आबा. वाजवून घेतो."

"म्हंजी आमी वाजवायचं, अन् तू काठी दाखवायचा? कावून? आमी काय ढोरं हाय?"

काका मात्र भला माणूस. तो म्हणाला, "दाखवू द्या की. पर मला लांबचं दिसत न्हाई बाबा." म्हणून मी काठीच्या टोकाला पांढऱ्या लोकरीचा भलामोठा गोंडा बांधला आणि तालीम सुरू केली. नियम एकच. गोंडा वर गेला की श्वास घ्यायचा, खाली आला की वाजवायचं. पांढऱ्या गोंड्यावरून नजर हलवायची नाही, स्वतःच्या मनानं एक सूर काढायचा नाही. (हा नियम मी त्यांच्या डोक्यात इतका पक्का बसवला की पुढचं सगळं त्यातूनच झालं!)

याच सुमारास माझ्या लग्नाचं निघालं. नेकनूरच्या तात्या गुरवांची मुलगी मी यात्रेत पाहिली होती. माझी काठी बघून तिनं पदरात तोंड लपवून हसू दाबलं होतं. ती मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण तात्यांनी नाक मुरडलं.

"गुरवाच्या पोराच्या हाती वाजिंत्र न्हाई, काठी हाय! जावई काय करतो म्हणून इचारलं तर लोकायला काय सांगू? तालुकदारसायब तुमच्या गावाला येणार हायत न्हवं? त्यायच्याम्होरं काठीचा मान झाला तर पोरगी दिली. न्हाई तर राम राम!"

तालुकदार म्हणजे निजामाच्या राज्यातला जिल्ह्याचा हाकिम. तो नुसता खोकला तरी गाव उठून उभं राहायचं.

तो दिवस उजाडला. देवळापुढच्या लिंबाखाली तालुकदार हुजूर खुर्चीत बसले. त्यांच्या मागे त्यांचा म्हातारा चाकर बुढनभाई पांढरीशुभ्र चवरी घेऊन माशा वारायला उभा. आबांनी मोठ्या हौसेनं हुजुरांपुढे जिलबीचं ताट ठेवलं आणि पंचक्रोशीतल्या माशांना आवतण गेलं! तात्या पहिल्या रांगेत मिशा कुरवाळत बसले होते. मी वाजंत्र्यांकडे तोंड केलं, काठी उचलली, तोच हुजुरांचा पेशकार, म्हणजे कारकून, ओरडला,

"अबे ओ! हुजूर की तरफ पीठ करता? बेअदबी!"

झालं! हाकिमाला पाठ दाखवायची नाही हे साहेबाच्या विद्येत कुठेच नव्हतं. तोंड फिरवलं तर वाजंत्री वाजणार नाहीत. नाही फिरवलं तर मी वाजणार. मी मुकाट्यानं हुजुरांकडे तोंड केलं, वाजंत्र्यांना पाठीशी घेतलं आणि देवाचं नाव घेऊन गोंडा हलवला.

आणि काय आश्चर्य, पाठीमागे सलामी वाजू लागली! ऊर भरून आला. पण क्षणभरच. मी संथ लय दाखवतोय आणि मागे वाजतंय भरधाव. ही माणसं बघतायत तरी कुठे? मान वळवायची सोय नव्हती, म्हणून मीच त्यांच्या लयीला गाठायला काठी जोरात हलवू लागलो. सनई आणखी धावली. मी आणखी. काकाची धाप मला पाठीला जाणवत होती.

समोर नजर गेली तेव्हा उलगडा झाला. माझा गोंडा पाठीआड, म्हणून आमची मंडळी नेमानं दुसऱ्या पांढऱ्या गोंड्याकडे बघत होती. बुढनभाईच्या चवरीकडे! माझ्या गोंड्यानं जिलबीवरच्या माशा उडायच्या आणि हुजुरांच्या मानेवर बसायच्या. मग बुढनभाई चवरीचा वेग वाढवायचा, मग वाजंत्री, मग मी, मग पुन्हा माशा!

एवढ्यात बुढनभाईचा हात भरून आला. त्यानं चवरी वर धरली आणि दुसऱ्या हातानं खांदा चोळू लागला. अख्खा ताफा श्वास कोंडून उभा. चिडीचूप. तात्यांची मिशी खाली आली. माझ्या डोळ्यांसमोरून नेकनूरची वाट नाहीशी झाली. मग चवरी धाडकन खाली आली, आणि सगळ्यांनी एका दमात असा शेवटचा सूर काढला की तसा शेवट गोऱ्या साहेबालाही साधला नसेल!

हुजुरांनी बोट उचलून मला जवळ बोलावलं.

"पोरानं काठी उगारली हुजुरावर! आता फाटक दिसतं," आबा पुटपुटले. फाटक म्हणजे तुरुंगाचं.

"ये छोकरा," हुजूर म्हणाले, "दौरे में पहली बार हमने मक्खी के बगैर जिलेबी खाई. बुढनभाई अब थक गए हैं. कल से ये हमारे साथ रहेगा."

मी सुटलो! मला चक्क रडू आलं. आबांनी देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं. तात्या तर उडी मारूनच पुढे आले.

"सरकारी चाकरी! आरं, मग आदी कावून न्हाई सांगितलं? पोरगी दिली!"

लग्नात आमचाच ताफा वाजला, लई झकास वाजला. ताफ्यापुढे चवरी घेऊन बुढनभाई उभा होता. काका म्हणाला, "राग नगं मानू बाबा, पर ह्यो हात हालवतो तवा समजतं."

मी मात्र हुजुरांची सेवानिवृत्ती होईपर्यंत त्यांच्या नाकासमोर इमानानं गोंडा हलवला. माझ्या साऱ्या कारकिर्दीत काठीच्या इशाऱ्यावर कोणी हललं असेल, तर त्या माशाच. आणि वन्समोअर द्यायलाही त्याच परत यायच्या!