उसवलेल्या बाहीची साक्ष

लोकांना वाटतं, माफीचा साक्षीदार म्हणजे सुटलेला माणूस. माझ्या धाकट्या भावाला माफी मिळाली आणि त्यानंतर वर्षभराहून जास्त तो जेलमध्येच होता. त्याला जामीन झाला नव्हता, आणि अशा साक्षीदाराने खटला संपेपर्यंत आतच राहायचं, असा कायदा आहे. हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी दुसरा काय उपाय होता?

आम्ही शिंपी. म्हैसुरात आमच्या किती पिढ्या झाल्या ते विठ्ठलाच्या देवळातल्या म्हाताऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. मी चार इयत्ता शिकले, त्या कानडीत. मराठी अक्षरं वडिलांनी भजनाच्या वहीवरून शिकवली. वडील गेल्यावर दुकान भावाने चालवलं. माझं सासर दोन गल्ल्या सोडून होतं, त्यामुळे काजं-बटणं करायला मी रोज दुकानात जायची. राज्याचं नाव तेव्हा म्हैसूरच होतं.

शेजारी सायकली भाड्याने द्यायचं दुकान होतं. तो सायकलवाला आणि त्याचा मावसभाऊ, हे भावाचे दोस्त. टी. नरसीपूरच्या जत्रेत एका माणसाने सायकलवाल्याच्या कानाखाली मारली, चारचौघांत. तो माणूस बेळगोळच्या कारखान्यात कामाला होता. पंधरा दिवसांनी संध्याकाळी हे तिघे सायकलींवरून तिकडे गेले आणि कालव्याच्या रस्त्यावर त्याला गाठलं. भावाला वाटलं, त्याने एक थोबाडीत दिली, आपण परत एक द्यायची. त्या दोघांजवळ लोखंडी कांब होती. माणूस तिथेच मेला. भाऊ तिन्ही सायकली धरून रस्त्यावर लांब उभा होता. त्याने ओरडा ऐकला, पण तो पळाला नाही, कोणाला बोलावलं नाही. दोघे परत आल्यावर त्यांच्याबरोबर घरी आला आणि जेवला. मी त्याला निर्दोष म्हणत नाही. कधीच म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी तिघांना पकडलं. खुनाचा गुन्हा तिघांवर सारखाच. सायकली धरणाऱ्यालाही फाशी होऊ शकते, हे मला वकिलाकडून कळलं. वकील म्हातारा, कानडी, कपाळाला नाम, तोंडात नेहमी लवंग. आई आणि मी त्याच्या ओसरीवर बसलो होतो.

"नोडम्मा," तो म्हणाला, म्हणजे हे बघ बाई. "पाहणारा कोणी नाही. पोलिसांना तिघांतला एक बोलणारा पाहिजे. एकच. मॅजिस्ट्रेट त्याला माफी देतील, तो बाकीच्या दोघांविरुद्ध साक्ष देईल. सायकलवाल्याचा मामा कालच पोलीस ठाण्यात दोनदा जाऊन आला. दोन भाच्यांतला एक तरी वाचावा म्हणून मावसभावाला बोलता करायला बघतोय."

आई म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यांची पोरं लटकवून आपलं पोर घरी आणायचं?"

"हो," मी म्हटलं.

"तुला काही वाटत नाही?"

"वाटतं. पण आणायचं."

आईने वकिलाला सांगितलं की पोराला नीट पढवून ठेवते. मी तिथे नव्हतोच, मला काही ठाऊक नाही, असंच तो बोलेल.

वकिलाने कपाळाला हात लावला. "अय्यो, तिथे नव्हता तर त्याची साक्ष कोणाला पाहिजे? अम्मा, इथे उलटं आहे. आपलं पाप आधी सांगायचं. सगळं. जो स्वतःला धुऊन घेतो त्याच्यावर कोर्ट विश्वास ठेवत नाही. आणि एवढंसं काही लपवलं असं निघालं तर माफी जाते आणि त्याच्यावर खुनाचाच खटला चालतो. तेव्हा त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं त्याच्यावरच उलटतं."

आईला हे पटलं नाही. जन्मभर तिने गिऱ्हाइकाला "उद्या देतो" सांगितलं होतं. खरं बोलून कोणी सुटतं हे तिला नवीन होतं. पण भाऊ तयार झाला. मॅजिस्ट्रेटसमोर त्याने कालवा, कांब, सायकली, ओरडा, सगळं सांगितलं. माफीचा कागद झाला. आई देवळात नारळ फोडून आली. मला वाटलं, संपलं.

मग मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात त्याची पहिली साक्ष झाली. मी मागच्या बाकावर होते. पोलिसांनी टेबलावर जप्त केलेल्या वस्तू मांडल्या. त्यात सायकलवाल्याचा शर्ट होता. धुतलेला, तरी काखेतल्या शिवणीत डाग राहिलेला. कारकुनाने तो दोन्ही बाह्या धरून वर केला. डावी बाही खांद्यापासून उसवून पुन्हा शिवलेली होती.

तो शर्ट मी पाहिला होता. खुनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दुकानाच्या पायरीवर बसून तोच हाताने शिवत होता. मी विचारलंही होतं, मशीन असताना हाताने कशाला? तो म्हणाला होता, चार तर टाके आहेत. मी माझं काज करत राहिले.

साक्षीत त्याने या शर्टाचं अवाक्षर काढलं नाही.

त्या आठवड्यात जेलमध्ये भेटायला गेले. मध्ये जाळी, दोन्हीकडे माणसं, सगळे एकदमच बोलतात. मी म्हटलं, "बाही तू शिवलीस."

"अक्का, हळू बोल."

"इथे कोणाला कोणाचं ऐकू येतंय? का नाही सांगितलंस?"

"त्यात सांगण्यासारखं काय? त्याने आणून दिला, मी शिवला. शिंप्याच्या हातात फाटका कपडा दिला तर शिंपी शिवणारच."

हे अगदी खरं होतं. वडिलांनी आम्हाला तेच वळण लावलं होतं. उसवलेलं दिसलं की आमचा हात आपोआप सुईकडे जातो. देवळात बसलेल्या परक्या बाईच्या पदराचा धागा मी ओढून तोडला आहे. पण मेलेल्या माणसाने धरून ओढलेली बाही शिवायची, असा गाढवपणा आमच्याच घरात होऊ शकतो.

"तुला तेव्हा ठाऊक होतं ती कशी उसवली?"

त्याने खाली बघितलं. "होतं. डागही होता. त्याच्या कडेने सुई घातली."

"मग ते सांग."

"आता सांगितलं तर म्हणतील आधी लपवलं. नाही सांगितलं तर कोणाला कळतंय?"

"शर्टाच्या मालकाला कळतंय," मी म्हटलं. "तुझ्या पलीकडच्या बराकीत बसलाय तो. त्याचा वकील ते ऐन वेळी बाहेर काढेल. माफी गेली की तूही त्याच्याच रांगेत. त्याच्याविरुद्ध बोलतोयस, तो तुझी बाही झाकून ठेवील काय? सुम्ने बसू नकोस, गप्प राहून भागायचं नाही."

भाऊ रडला. मी रडले नाही. वेळ दहाच मिनिटांची होती आणि अजून आईचा निरोप सांगायचा होता.

वकिलाला सांगितलं तेव्हा त्याने लवंग थुंकली. मग म्हणाला, "धोका दोन्हीकडे आहे. पण समोरच्याने विचारल्यावर कबूल करणं वेगळं आणि आपण होऊन सांगणं वेगळं. मी सरकारी वकिलाशी बोलतो. सेशन कोर्टात साक्षीच्या सुरुवातीलाच त्याने स्वतः सांगायचं, कोणी विचारायच्या आत." मी विचारलं, त्याला शिवताना मी पाहिलं ते सांगू का? तो म्हणाला, "बहिणीच्या शब्दाला वजन नाही. गप्प बसून ऐक."

सेशन कोर्टात भावाने सांगितलं. आवाज बारीक झाला होता, न्यायाधीशांनी दोनदा मोठ्याने बोलायला लावलं. मग सायकलवाल्याचा वकील उठला. गोरा, गुळगुळीत माणूस. त्याचा पत्ता आधीच खेळला गेल्यामुळे चिडला होता.

"हे मॅजिस्ट्रेटसमोर का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"खुनाची लाज वाटली नाही, चार टाक्यांची वाटली?"

कोर्टात लोक हसले. कठड्यातला सायकलवालाही हसला.

भाऊ म्हणाला, "खून झाला तेव्हा मी लांब उभा होतो. टाके माझ्या हातचे आहेत."

कोणी हसलं नाही. वकिलाने विचारलं, हे टाके तुझेच कशावरून, म्हैसुरात शिंपी काय कमी आहेत? भाऊ म्हणाला, आमच्या घरात हातशिलाईला शेवटी गाठ मारत नाहीत. गाठ अंगाला घासते. तीन टाके मागे घेऊन दोरा आत सोडतात. न्यायाधीशांनी कारकुनाला बाही उलटी करायला सांगितली, चष्मा वर ढकलून स्वतः पाहिली. मग भावाने शिवलेला दुसरा एक शर्ट आणवला आणि तोही उलटा केला. मग लिहून घेतलं.

निकालात त्यांनी म्हटलं की या साक्षीदाराने स्वतःला कुठेच वाचवलं नाही, आणि त्याच्या शब्दाला शर्टाचा आधार आहे. दोघांना जन्मठेप झाली. फाशी झाली नाही, हे बरं झालं. आईनेही तेच म्हटलं. भाऊ दोन दिवसांनी सुटून आला. पाय धुतले, चित्रान्न खाल्लं, तीन वेळा वाढून घेतलं, आणि दुपारी झोपला.

पुढे त्याच्या लग्नाचं अवघड झालं. गल्लीतली पोरं त्याला "साक्षी" म्हणून चिडवायची. गिऱ्हाइकं निम्मी झाली, मग हळूहळू परत आली, कारण त्याची शिलाई चांगली होती. मुलगी मात्र कोणी देईना. आई म्हणायची, लांबच्या गावी स्थळ बघू, तिथे कोणाला ठाऊक नसेल. मी म्हटलं, बेडा, नकोच ते. लपवण्याचा हिशेब एकदा पाहिलाय.

शेवटी एक स्थळ आलं. मुलीचा बाप शिंपीच, नंजनगूडकडचा, तिरसट. चहा पुढे आल्याबरोबर म्हणाला, "तुमचा मुलगा जेलात होता म्हणतात."

आईने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. कालवा, सायकली, घरी येऊन जेवला तेसुद्धा, आणि बाही. पंधरा-वीस मिनिटं लागली. चहा निवला.

तो म्हणाला, "बाही शिवली? डाग दिसत असताना?"

"हो."

"मूर्ख आहे."

"आहे," मी म्हटलं. "पण आता त्याच्याबद्दल तुम्हाला नंतर कळेल असं काही उरलं नाही. सगळं सरकारने लिहून ठेवलंय."

त्याने निवलेला चहा पिऊन टाकला आणि मुलीला विचारून कळवतो म्हणाला. मुलीने सांगून पाठवलं की तिला एकदा त्याच्याशी बोलायचंय. देवळात बोलले दोघे, मी लांब बसले. काय बोलले ते मी विचारलं नाही. त्याच महिन्यात लग्न झालं.

आता भाऊ मुलाकडे हूटगळ्ळीला असतो. नव्या घरात त्याला करमत नाही, तिथून बस पकडून माझ्याकडे येतो आणि बसच्या गर्दीची तक्रार करतो. भावजय तिखट आहे. तिच्यासमोर त्याला खोटं बोलता येत नाही, आणि त्याने कधी प्रयत्नही केला नाही. मागच्या एकादशीला दोघे आले होते. तिने त्याच्या ताटातला दुसरा साबुदाण्याचा वडा उचलून स्वतःच्या ताटात ठेवला, त्याला साखरेचा आजार आहे म्हणून. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, मी तिच्या बाजूची आहे.