दोघांना विचारणारे शेजारी

एकाच माणसाच्या सांगण्यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी जन्मात विश्वास ठेवला नाही. स्वतःचा जन्मसुद्धा त्यांनी आई आणि सुईण अशा दोघींकडून पडताळून घेतला असावा. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. पुण्याच्या एका कंपनीसाठी ते नाशकात घरी बसून उपग्रहांचे संदेश पकडणारी, आपली जागा सांगणारी चिप आखत. "संदेश वरच्या हवेतून येताना रेंगाळतो," ते समजावत, "पण दोन बँडवरचे, म्हणजे दोन वेगळ्या लहरींवरचे संदेश सारखे रेंगाळत नाहीत. दोन्ही ऐका, फरक काढा, चूक सापडते!" इथवर ठीक होतं, पण हा नियम त्यांनी संसारालाही लावला. पंचवटीच्या बाजारात मेथी ताजी आहे का, हे ते आधी विकणारीला विचारत आणि मग तिच्याशी भांडण असलेल्या शेजारणीला. एकदा विकणारी वैतागून म्हणाली, "भाऊ, मेथी न्यायची का तिचं लगीन लावायचंय?" द्वारका चौकात दोघांकडे बसची चौकशी करून उत्तरांचा मेळ घालेपर्यंत बस निघून गेली. तरी स्वारी खूश, कारण बस कुठून सुटते हे आता पक्कं कळलं होतं. मी पोट धरून हसलो.

गावी फुलशेती करणाऱ्या आईवडिलांना ते रोज फोन करत. वडील म्हणत, "मला काय झालंय? तुझ्या आईचं गुडघं बघ." आई म्हणे, "माझं सोड, यांचा खोकला हटंना." यातून त्यांना दोघांचं खरं कळे.

मग वडील गेले. आईला त्यांनी इथे आणलं. लेकासमोर ती कण्हतसुद्धा नसे. एका संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. "दिवसा जरा आईजवळ बसाल का? ती बरी आहे एवढंच सांगते. दुसरं सांगणारं कुणी राहिलं नाही हो."

त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी रोज दुपारी वर आजींजवळ जाऊन बसू लागलो. एकदा आजी मोरीत पडता पडता वाचल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "त्याला सांगू नका. उगी काम सोडून बसंल." मी मान डोलावली आणि संध्याकाळी सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मोरीत धरायला दांडी बसली. आजी माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, पण चहा मात्र देत राहिल्या.

आता आजीही नाहीत. त्यांच्याकडे पोळ्या करायला एक मावशी येतात. शेजारी अजून सवयीने संध्याकाळी खाली माझ्याकडे येतात, पण त्यांना आईबद्दल विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून मीच विचारतो, "कसे आहात?" ते म्हणतात, "झकास!"

मग मी जिन्यात मावशींना गाठतो आणि विचारतो, आज ते नीट जेवले का.