तांबडी दोनदा कापली

"ती सुरी ठेव खाली. भाजीची आहे ती."

बाईंनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली. कुंड्यांजवळ पडलेला गंजका कोयता माझ्याकडं सरकवला. पायानं. आणि मी तो उचलला. याचा राग अजून जात नाही. त्यांच्यापेक्षा माझाच जास्त.

गारखेड्यातला बंगला. मी तिथं धुणंभांडी करायची. बाईंना गावरान खायची हौस आली म्हणून एक काळा कोंबडा आणि चार कोंबड्या घेतल्या. आणल्या त्यांनी, पाळल्या मी. दाणा मी टाकायची, खुराडं मी झाडायची. त्यातली तांबडी सारखी माझ्या पायात घुटमळायची, मुठीतले तांदूळ टिपायची. पाहुणे यायचे ठरले तेव्हा बाईंनी नेमकं तिच्याकडंच बोट दाखवलं.

"तू काप. तुमच्या लोकांना सवय असते."

कसली सवय? पैठणजवळ आमच्या गावात आईनं मला कापायला शिकवलं. आदल्या संध्याकाळपासून दाणा बंद, पाणी चालू. सकाळी बाकीच्या कोंबड्यांच्या नजरेआड न्यायचं, शांत होईस्तोवर काखेत घेऊन बसायचं. पाणी पाजायचं, डोळ्यांवर पदर धरायचा आणि धारदार सुरी एकदाच चालवायची. आई म्हणायची, "दुसऱ्यांदा हात चालवावा लागला, तर त्या दिवशी आपण जेवायचं नाय." नुसत्या पाण्यावर दिवस काढताना मी तिला पाहिलंय.

तांबडी काखेत घेतली की लगेच गप्प झाली. माझीच होती ना. पाणी पाजलं, पदर धरला, कोयता चालवला. तो मानेवर नुसता घसरला. ती ओरडली, तडफडली, पदर सरकला. तिचा डोळा माझ्याकडं. मी सगळा जोर लावून दुसऱ्यांदा हात चालवला.

बाई खिडकीतून म्हणाल्या, "ई! कसं गं जमतं तुम्हाला? काहीच वाटत नाही?"

तिला सोलून आत दिलं, मग बागेच्या नळावर हात धुताना मी रडले. आत बघितलं तर ओट्यावर बाई तांबडीचे तुकडे करत होत्या. त्याच भाजीच्या सुरीनं. म्हणजे सुरी कोंबडीनं बाटत नव्हती. माझ्या हातानं बाटत होती.

दुपारी माझ्या वेगळ्या डब्यात रस्सा आला. मी डबा पायरीवरच ठेवला. "आज मी जेवत नाय बाई." त्यांना वाटलं, नखरे.

पंधरा दिवसांनी पुन्हा पाहुणे. आता काळा कोंबडा. पुन्हा तोच कोयता. या वेळी मी वाकले नाही.

"भाजीची सुरी द्या. आन् पंख तुमी धरा."

"मी? मला नाही बघवत."

"मंग खायचं बी नाय."

"उद्यापासून येऊ नकोस."

"नाय येत."

मी निघाले. काळा मात्र तिथंच राहिला, ते अजून टोचतं.

आता माझ्या दारात चार कोंबड्या आहेत. कापायची वेळ आली की तांबडीचा तो डोळा आठवतो. तो विसरू नये असंच मला वाटतं. सुरीला धार मीच लावते. पण दुसऱ्याच्या ताटासाठी हा हात आता चालणार नाही. ज्याला रस्सा ओरपायचाय, त्यानं आधी पंख धरावेत. कोंबडीची धडधड स्वतःच्या तळहाताला लागू द्यावी.