घुम्याची तोंडी परीक्षा

वेर्नेरी केस्तीच्या घरात बोलायची पद्धतच नव्हती. भांडणतंटा होता, कुणाचं कुणाशी वाकडं होतं, असं मुळीच नाही. सगळे एकमेकांवर जीव टाकून होते. पण उत्तरेकडच्या फिनिश मुलखात, पुदासयार्वी गावाच्याही पुढे, डांबरी रस्ता संपून जंगल सुरू होतं तिथल्या त्या घरात, जे डोळ्यांना दिसतंय ते तोंडानं कशाला सांगायचं, असा सरळ विचार होता. वेर्नेरीचा बाप तापानी रस्त्यावरचा बर्फ लोटायची गाडी चालवायचा. सकाळी उठला की खिडकीबाहेर बघून म्हणायचा, "पडलाय." संध्याकाळी परतला की आई विचारायची, "लोटला?" तो म्हणायचा, "लोटला." एवढ्यावर त्यांचा संसार झाला, पोरगं झालं, ते मोठं झालं आणि संगणकशास्त्राची पदवी घ्यायला ओउलूच्या विद्यापीठात निघालं. निघताना बाप स्टँडवर सोडायला आला होता. बस आल्यावर म्हणाला, "आली."

संगणकशास्त्र वेर्नेरीला मानवलं. यंत्राला जेवढं सांगावं तेवढंच ते करतं आणि काम झालं की गप्प बसतं. "बाकी काय म्हणतोस?" असं विचारत नाही. प्रोग्रॅम लिहिण्यात तर त्याचा हात असा बसला की दुसऱ्या वर्षापासून अख्खा वर्ग त्याच्यावर विसंबून राहिला. कुणाचा प्रोग्रॅम अडला की वेर्नेरीला बोलवायचं. विद्यार्थी संघाच्या खोलीतल्या फाटक्या कोचावरून तो उठायचा, संघाच्या पोरांचा गणवेश असलेल्या, ठिगळं लावलेल्या काळ्या डांगरीत हात खुपसून पडद्याकडे बघत उभा राहायचा, मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणायचा, "तिथे." आणि परत कोचावर. चूक तिथेच असायची.

असे सगळे विषय सुटले. प्रबंधही झाला, लेखी होता, म्हणून झाला. राहिली ती स्वीडिशची तोंडी परीक्षा.

आता आपल्याकडे फिनिशबरोबर स्वीडिशही राजभाषा; त्यामुळे पदवी यंत्रांची घ्या नाहीतर माशांची, थोडं स्वीडिश बोलून दाखवल्याशिवाय ती हातात पडत नाही. वेर्नेरीनं लेखी स्वीडिशमध्ये चांगले गुण मिळवले होते. पण तोंडी परीक्षेत दोन-दोन जणांना समोरासमोर बसवून गप्पा मारायला सांगतात. पहिल्यांदा त्यानं नाव नोंदवलं आणि नेमक्या त्याच दिवशी त्याला सर्दी झाली. पुढच्या वर्षी सर्दी झाली नाही, पण तो घरी बसून तिची वाट बघत राहिला. त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं नावच नोंदवलं नाही. बरोबरीची मुलं नोकऱ्यांना लागली, त्यांना मुलं झाली, कोच बदलला, तरी वेर्नेरी कोचावरच.

शेवटी त्या वसंतात सल्लागार बाईंनी बोलावून सांगितलं, "मुदत संपत आली आहे. मे महिन्याच्या आत स्वीडिश झालं नाही, तर नाव कमी होईल."

"हं," वेर्नेरी म्हणाला.

ही बातमी इंका तोस्सावाइनेनला लागली. इंका त्याच्याच वर्गातली, पदवी घेऊन केव्हाच नोकरीला लागलेली. पण दुसऱ्या वर्षी वेर्नेरीच्या त्या एका बोटामुळे आपण तरलो हे ती विसरली नव्हती. ती साव्हो प्रांतातली, कुओपिओ शहरातली. साव्होचा माणूस बोलायला लागला की अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्याची, असं आपल्याकडे म्हणतातच. ती आली ती कोट न काढताच सुरू झाली.

"अरे घुम्या, तुला स्वीडिश येत नाही असं नाहीच आहे. तुला बोलताच येत नाही! फिनिशमध्ये तरी कुणाशी गप्पा मारल्या आहेस का कधी?"

वेर्नेरीनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही."

"मग आधी तेच शिकू. आता बघ हं, मी म्हणते, 'काय मस्त ऊन पडलंय आज!' तू काय म्हणशील?"

वेर्नेरीनं खिडकीबाहेर पाहिलं. "पडलंय."

"आणि?"

"आणि काय? पडलंय ना."

"अरे दगडा, तेवढ्यावर संपतं का? मला उलट काहीतरी विचार!"

वेर्नेरीनं बराच विचार केला. "तुला दिसत नाही का?"

इंकानं कपाळावर हात मारला. पण ती हरणारी नव्हती. तिनं फर्मान काढलं: रोज एका अनोळखी माणसाशी एक वाक्य बोलायचं.

दुसऱ्या दिवशी वेर्नेरी बसस्टॉपवर गेला. बर्फ वितळून, कुणी घसरू नये म्हणून रस्त्यावर हिवाळाभर टाकलेली खडी उघडी पडली होती. स्टॉपवर एक मध्यमवयीन गृहस्थ, रीतीप्रमाणे चांगलं अंतर राखून, उभे होते. वेर्नेरीनं घसा साफ केला आणि म्हणाला, "यंदा खडी फार आहे, नाही?"

गृहस्थांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्यांनी वेर्नेरीकडे पाहिलं, पिशवी छातीशी धरली आणि तरातरा पुढच्या स्टॉपच्या दिशेनं चालू लागले. पाठोपाठ बस आली. वेर्नेरी चढला. पुढच्या स्टॉपवर ते गृहस्थ धापा टाकत आत आले, वेर्नेरीला पाहिलं आणि ड्रायव्हरची माफी मागून परत खाली उतरले.

"चुकलं काय माझं?" वेर्नेरीनं इंकाला विचारलं. त्याच्या हिशेबानं हे मोठंच भाषण झालं.

"काही नाही रे. त्यांनाही माझ्याकडे पाठव," इंका म्हणाली.

मग वेर्नेरीनं आपल्या पद्धतीनं तोड काढली. माणसाशी बोलणं जमत नसेल तर आधी यंत्राशी बोलू. त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला. त्याच्याशी स्वीडिशमध्ये बोलायचं. तो स्वीडिशमध्येच उत्तर देणार. गप्पांचा त्यानं नीट आराखडा केला होता. आधी हवा. मग नातेवाईक, मग होडी, मग मासे. समोरच्यानं काही विचारलं की उत्तर द्यायचं आणि लगेच तेच उलट विचारायचं; कुणी आभार मानले की आपणही मानायचे. यंत्र भलतंच सभ्य निघालं. वेर्नेरी त्याच्यासमोर तासन्‌तास बसून काकाच्या लाल होडीबद्दल बोलू लागला. त्याला काका नव्हता, पण आराखड्यात होता.

इंकानं ते ऐकलं आणि तिला भरून आलं. "अरे, हे तर सोनं आहे! तुझ्यासारखे घुमे काय कमी आहेत इथे?" म्हणत तिनं तो प्रोग्रॅम संघाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी ठेवून दिला. खाली नावही घातलं: वेर्नेरी केस्ती. तो कुणी कुणी उतरवून घेतला, याची चौकशी दोघांनीही केली नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक होत्या गुनवोर बाकलुंड, पश्चिम किनाऱ्यावरच्या, टोमॅटो पिकवणाऱ्या घरातल्या, जन्माच्या स्वीडिश बोलणाऱ्या. टेबलावर कॉफीचा थर्मास आणि दालचिनीचा पाव ठेवून त्या बसल्या होत्या. त्यांचा नियम एकच. दार लागलं की फिनिशचा एक शब्द ऐकू आला तरी नापास.

वेर्नेरीसमोर जोडीदार म्हणून बसला आह्ती मोइलानेन. हा काइनूच्या जंगलातला, दारातून तिरका होऊन आत येणारा धिप्पाड गडी. होता वेर्नेरीच्याच शाखेचा, पण इतक्या वर्षांत दोघांत एक शब्द झालेला नव्हता.

"करा सुरू," गुनवोरबाई म्हणाल्या आणि दार लावलं.

"आज हवा छान आहे," वेर्नेरी स्वीडिशमध्ये म्हणाला.

"हो. आज हवा छान आहे," आह्ती म्हणाला. "तुला काका आहे का?"

वेर्नेरी दचकला. हा तर त्याचा प्रश्न होता! "हो. माझ्या काकाकडे लाल होडी आहे. तुझ्या काकाकडे?"

"माझ्या काकाकडे लाल होडी आहे."

"किती छान. तो कोणता मासा पकडतो?"

"पाइक. तुझा काका?"

"पाइक."

गुनवोरबाईंनी चष्मा वर केला. "तुम्ही दोघं एकाच काकाचे पुतणे का?"

"नाही," दोघं एका सुरात म्हणाले आणि घामाघूम झाले.

आराखडा संपत आला. "तुझ्याशी बोलून आनंद झाला," वेर्नेरी म्हणाला.

"मलाही. आभारी आहे."

"मीच आभारी आहे."

"नाही, मीच आभारी आहे."

"आभारी आहे."

"आभारी आहे."

आणि गाडी रुतली. आभाराला आभारानं उत्तर द्यायचं हे आराखड्यात होतं. थांबायचं कधी, हे नव्हतं. गुनवोरबाईंनी कॉफी ओतली. आभार चालूच होते. त्यांनी पावाचा तुकडा मोडला, कॉफीत बुडवला, खाल्ला. तरी आभार चालूच. हळूहळू आह्तीची मान लाल होऊ लागली, मग कान लाल झाले आणि एकदम त्यानं टेबलावर हात आपटला. त्याचं स्वीडिश एरवी बेताचंच. रागाच्या भरात त्यातली लिंगं सगळी इकडची तिकडे झाली.

"तुझी प्रोग्रॅम वाईट आहे!"

"काय?" वेर्नेरी म्हणाला.

"वाईट! मी महिनाभर ती शिकली. आता माझा आई फोन करते. मी आभार मानतो, आई आभार मानते, मी आभार मानतो. फोन ठेवता येत नाही! चुलीवर भाजी जळला!"

वेर्नेरीला आयुष्यात लोकांनी घुम्या म्हटलं होतं, दगड म्हटलं होतं, त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. पण त्याच्या प्रोग्रॅमला आजवर कुणी वाईट म्हटलं नव्हतं. तो उभा राहिला.

"माझी प्रोग्रॅम चांगली आहे! तुझा आई फार सभ्य आहे, तिला मी काय करू?"

"आईला मध्ये आणू नको! आणि होडी नेहमी लाल का? जगात निळा होडी नाही?"

"लाल सोपी आहे! निळा की निळी की निळं, ते मला माहीत नव्हता!"

"मग विचारायची!"

"कुणाला? मी कुणाशी बोलत नाही!"

"मी पण बोलत नाही!" आह्ती गरजला.

खिडकीची काच थरथरली. आह्तीनं फळ्यावर जाऊन खडूनं आभारांचं चक्र काढलं आणि ते कुठे तोडायचं ते दाखवलं. दोनदा आभार झाले की तिसऱ्यांदा गप्प बसायचं. वेर्नेरीनं त्याच्या हातातून खडू हिसकावला. गप्प बसलं तर आई म्हणेल पोरगा रागावला! त्यापेक्षा तिसऱ्यांदा मान हलवायची. फोनवर मान कशी दिसणार, असं आह्तीनं विचारलं. तिथे वेर्नेरी अडला, मग म्हणाला, "मग खोकायची!" खोकल्यावर आई घाबरते, आह्ती म्हणाला, माझा आई नर्स आहे.

पुढची जोडी दार किलकिलं करून डोकावली. गुनवोरबाईंनी हातानंच तिला हाकललं. पाव संपला होता, थर्मास रिकामा झाला होता, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या पहिल्यांदाच परीक्षेत खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या.

"पुरे!" अखेर त्या म्हणाल्या. "दोघंही पास. मला निम्मं कळलं नाही. पण जे कळलं नाही, ते स्वीडिशमधूनच कळलं नाही. जा आता."

दोघं बाहेर आले. दार मागे लागलं आणि पुन्हा फिनिश सुरू झालं, म्हणजे शांतता सुरू झाली. लिफ्टमध्ये आह्ती छताकडे बघत होता आणि वेर्नेरी बुटांकडे. खाली इंका कोट घालून येरझाऱ्या घालत होती.

"काय झालं? बोल ना रे!"

"पास."

"अगं बाई! आणि काय काय बोललात?"

वेर्नेरीनं आह्तीकडे पाहिलं. आह्तीनं खांदे उडवले. "होडी," वेर्नेरी म्हणाला.

पदवीचा आपल्याकडे फारसा सोहळा नसतो. एके दुपारी ती फोनवर येऊन पडली. पुदासयार्वीकडच्या घरी आईनं मात्र कोळंबीचा सँडविच-केक केला, वर शेपूची नक्षी काढली आणि कधी नव्हे ते टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं. तापानीनं चष्मा लावून फोनवरची पदवी वरपासून खालपर्यंत वाचली. फोन परत दिला. मग केकचा सगळ्यात मोठा तुकडा कापून पोराच्या ताटात ठेवला आणि म्हणाला, "खा. खूप शिकलास."

आई चमचा हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिली. इतकं तो लग्नातही बोलला नव्हता.

पुढे वेर्नेरी आणि आह्ती एकाच ठिकाणी नोकरीला लागले. घरं गरम ठेवणाऱ्या पंपांचे प्रोग्रॅम लिहिणारी छोटीशी कंपनी. तो गप्पांचा प्रोग्रॅम त्यांनी दुरुस्त केला, आणि पुढच्या वर्षीपासून गुनवोरबाईंना निळ्या, हिरव्या, एकदा तर ठिपक्यांच्या होड्याही ऐकायला मिळाल्या म्हणतात. पण दोघांची एक पंचाईत झाली होती. फिनिशमध्ये त्यांची ओळख बेताचीच. फिनिशमध्ये ते एकमेकांना मान हलवून नमस्कार करायचे आणि विषय संपायचा. काही खरं बोलायचं, वाद घालायचा, हसायचं झालं, की दोघं आपोआप स्वीडिशवर यायचे, आणि मग जेवणाची सुट्टी पुरायची नाही. कंपनीतले बाकीचे समजायचे, हे किनाऱ्याकडचे, घरी स्वीडिश बोलणारे दिसतात.

मालकालाही तसंच वाटलं. स्टॉकहोमहून मोठं गिऱ्हाईक आलं तेव्हा तो त्या पाहुण्याला थेट या दोघांच्या टेबलापाशी घेऊन आला. "बसा इथे, ही तुमचीच माणसं."

दोघांचा पंपावरून कडाडून वाद चालला होता. पाहुणा खुर्ची ओढून बसला. कान देऊन ऐकलं. डोकं एका बाजूला कललं, मग दुसऱ्या बाजूला. शेवटी त्यानं अदबीनं विचारलं, "माफ करा, ही नॉर्वेची भाषा का?"

"नाही," वेर्नेरी म्हणाला. "पुदासयार्वीची."