मुलाणीसरांचा रविवारचा फोन

मुलाणीसर गेल्याची बातमी मला पानशेतच्या स्टँडवर कळली. माझ्यासारखीच प्रौढांचा वर्ग घेणारी एक मैत्रीण एसटीतून उतरली, माझा हात धरला आणि म्हणाली, "सर गेले गं, काल सकाळी." काल रविवार होता. रविवार म्हणजे सरांच्या फोनचा दिवस, आणि तो आला नव्हता. लाईन बिघडली असेल म्हणून आम्ही वर्ग घेणाऱ्या सगळ्याजणी, तो फोन यायचा त्या दुकानातच चहा पिऊन, हसतखेळत घरी गेलो होतो. त्याला आता महिना उलटून गेला, पण तो चहा आठवला की अजून अपराधी वाटतं...

आम्ही वेल्ह्याकडच्या वाड्यांवर मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या चारपाच जणी. शिकवायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. सर भोरच्या हायस्कुलातून निवृत्त झालेले. मुलानं घरात कॉम्प्युटर आणला आणि सरांना त्यात घबाडच सापडलं. प्रौढांना शिकवणाऱ्यांसाठी देशोदेशीच्या लोकांनी तिथं धडे लिहून ठेवले होते, तेही फुकट. सगळे इंग्रजीत, म्हणून सर दर रविवारी एक पान उघडून आम्हाला मराठीत सांगायचे. नेट आणि फोन एकाच तारेवर. पान पडद्यावर आलं की ते नेट तोडायचे आणि आमच्या वाडीतल्या किराणा दुकानात फोन लावायचे. रिसीव्हर माझ्या कानाला, बाकीच्या माझ्या तोंडाकडं बघत. सर काही म्हणता काही गाळायचे नाहीत. "इथं चित्र आहे, एक म्हातारा पुस्तक उलटं धरून बसलाय. खाली लिहिलंय, पुढच्या पानासाठी इथं दाबा. थांबा, दाबतो... अरे देवा, नेट तोडलंय की!" आमचं ऑनलाइन प्रशिक्षण म्हणतात ते हे असं, तेलाच्या डब्यांमध्ये उभं राहून.

एका वर्षी माझा वर्ग मोडायला आला होता. समाजमंदिरात दुपारी बायका यायच्या, त्या एकेक करून गळायला लागल्या. मी बारावी होऊन लग्न करून आलेली. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "बाया येत्यात तवर जा. वर्ग बंद पडला की गुमान घरातलं बघायचं." त्या दुपारच्या वेळेखेरीज माझं म्हणावं असं माझ्याकडं काही नव्हतं. मी फोनवर रडले. सर एवढंच म्हणाले, "येत्या रविवारी फोन नाही. सगळ्यांनी भोरला घरी यायचं."

गेलो. ओसरीवर फळा टांगलेला. सर म्हणाले, "आजचं पान म्हणतंय, शिकवणाऱ्यानं एक दिवस अडाणी होऊन बघावं." लहानपणी मदरशात शिकलेली उर्दू अक्षरं त्यांनी फळ्यावर काढली आणि पहिल्यांदा मलाच उठवलं. उजवीकडून डावीकडं लिहायचं. खडू कुठं टेकवायचा तेच कळेना. मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि खडू माझ्या हातात मोडला. सरांनी हळूच विचारलं, "काय वाटतंय, बाई?"

"घरी जावंसं वाटतंय, सर."

"मग तुमच्या बायका घरीच गेल्यात की."

दुसऱ्या दिवसापासून मी बायकांना एकेकीला फळ्याशी उभं करणं सोडलं. घरोघर जाऊन बायकांना गोळा केलं, सगळ्यांत मांडी घालून बसले आणि माझ्याच पाटीवर उर्दू अक्षर काढून दाखवलं. ते इतकं वेडंवाकडं आलं, की बायका पोट धरून हसल्या. "मास्तरीनबाई, तुमालाबी येत न्हाई व्हय?" म्हणत एकीनं पाटी पुढं ओढली. वर्ग पुन्हा भरला. चार दिवसांनी सासूबाई दारात येऊन उभ्या. "लई हसायचा आवाज येतोय. म्या बी बसते," म्हणाल्या आणि बसल्या. पुढं त्या नाव लिहायला शिकल्या, त्याचं श्रेय सगळी वाडी मला देते. ते सरांचं आहे. माझं आयुष्य त्या माणसानं चुलीपाशी विझू दिलं नाही, आणि हे त्यांना तोंडावर सांगायचं राहूनच गेलं.

परवा भोरला गेले. कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारी पाटावर चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही. म्हणाल्या, "हितंच बसायची म्या. तुमाला फोन लावायच्या आदी सगळं मला सांगायचे. न्हाई कळलं म्हनलं की दुसऱ्या शब्दांत सांगायचे. तरी न्हाई कळलं तर तिसऱ्या. म्हनायचे, तुला पटलं की मगच फोन." ज्या सोप्या मराठीवर आम्ही इतकी वर्षं जीव टाकला, ती कुठून यायची ते आत्ता कळलं. चाचींचे हात थांबले. "आता कोन इचारनार मला, कळलं का म्हनून..."

सरांच्या मुलाला म्हटलं, दादा, यायच्या रविवारचं पान उघडा. सरांच्या खुर्चीवर बसले. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, जुळवाजुळव करत, घसा साफ करून मी सुरुवात केली, "प्रौढ अध्ययनार्थींच्या पूर्वानुभवांचे संदर्भ लक्षात घेऊन..."

चाचींनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"न्हाई कळलं," त्या म्हणाल्या.