झेंडूच्या पाकळ्या आणि विझणारा पडदा

खाकी उतरवून बरीच वर्षं झाली, पण झेंडूचा हार दिसला की मला एक प्रकरण हटकून आठवतं आणि मी एकटीच हसत बसते. नातीला वाटतं, आजीचं काहीतरी बिघडलंय. बिघडलं होतं खरं, पण ते तेव्हा.

तेव्हा म्हणजे दोन हजारचं दशक संपत आलं होतं. मी सहायक पोलीस निरीक्षक होते. आवाज मोठा, चाल ताठ. माणसाकडे एकदा बघितलं की चोर कोण आणि साव कोण हे मला कळतं, अशी माझी ठाम समजूत. ही नजर मला कुणी बहाल केली होती, देव जाणे.

एका सकाळी हजेरी आटोपून चहाचा पहिला घोट घेते, तोच शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचे मालक तक्रार अर्ज घेऊन आले. ओळखीचे होते. त्यांच्या कार्यालयाच्या दर्शनी दालनात भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता. पाळ्यांच्या वेळा, सुरक्षेच्या सूचना, पाहुण्यांचं स्वागत असं सगळं त्यावर दिवसभर फिरत राहायचं. कोल्हापुरात तेव्हा ही नवलाई होती. त्याच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणी म्हणून मीच गेले होते. तो टीव्ही दीड महिन्यात कायमचा बंद पडला. तसलाच दुसरा आणला, तर तो आठवड्यातून दोन-तीनदा भर दुपारी आपोआप विझायला लागला. आणि पुढच्या सोमवारी परदेशातले ग्राहक कारखाना बघायला येणार होते.

"मॅडम, हा घातपात हाय," मालक म्हणाले. "आणि माणूस बी मला म्हाईत हाय."

माणूस म्हणजे त्यांचाच वायरमन. चंदगड तालुक्यातला, सात वर्षं हंगामी, पुढच्या महिन्यात कायम होणार होता. खबर दिली होती गेटवरच्या पहारेकऱ्यानं: मालक दुपारी घरी जेवायला गेले की हा शिडी लावतो आणि टीव्हीच्या पडद्यामागं हात घालतो. कारणही तयार होतं. टीव्ही घेण्याआधी या वायरमननं मालकांना दोन पानी टिपण दिलं होतं, की घरचा टीव्ही घेऊ नका, कार्यालयासाठी वेगळा पडदा मिळतो तो घ्या. मालकांना मात्र शोरूममधला झगमगाट आवडला.

"माझं ऐकलं न्हाय म्हणून डूख धरलाय त्यानं. गुन्हा दाखल करा."

राग आहे, संधी आहे, डोळ्यांनी बघणारा साक्षीदार आहे. चहा निवायच्या आत मी प्रकरण मनातल्या मनात निकाली काढलं.

दोन पंच आणि आमचे जुने हवालदार घेऊन मी कार्यालयात गेले. हवालदारांना सगळं ठाणं मामा म्हणायचं. पडद्यावर ताज्या झेंडूचा जाडजूड हार होता. मी आधी हात जोडले, मग पंचनाम्याला सुरुवात केली. मामा शिडीवर चढले.

"मॅडम, मागं झेंडूच्या वाळक्या पाकळ्या हायत. लिवतो."

"मामा, फुलं कधी गुन्हा करतात का? खोडा ते."

मामांनी ओळ खोडली, खोडल्याबद्दल शेजारी पंचांच्या सह्या घेतल्या आणि मिशीआडून माझ्याकडे असं बघितलं, की शहाण्या बाईनं तिथंच थांबून विचार केला असता. मी पुढं गेले.

वायरमनच्या कपाटाची झडती घेतली. आत पुठ्ठ्याचे तीन चौकोन निघाले, लहान, मधला आणि मोठा. त्यांवर बाण काढलेले, आकडे टाकलेले, एका कोपऱ्यात 'दहाचं ऊन', दुसऱ्यात 'तीनचं ऊन'. सोबत एक वही, तीत तारीखवार पडदा विझल्याच्या वेळा. मी मामांना कोपरानं ढोसलं आणि म्हटलं, "कट!"

वायरमनला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. चाळिशीचा काटकुळा माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर. घाबरला होता, पण डोळे खाली घालत नव्हता.

"हे काय आहे?" मी पुठ्ठे टेबलावर आपटले.

"पुठ्ठं हायत, मॅडम."

"पुठ्ठे मलाही दिसतात! कशाला कापलेस?"

"पडदा केवढा घ्यायचा ते बघाया. एकेक दिवस एकेक भिंतीवर टांगला. खडूनं अक्षरं काढली आन् झाडलोट करणाऱ्या मावशींना बाकावर बसवून म्हणलं, वाचा. बारक्यावरचं त्यास्नी दिसंना. थोरल्यावरचं वाचाया मान फिरवाय लागायची. मधलं बराबर बसलं. मोठ्यात मोठा घेतला म्हंजे झालं, असं न्हाय. बाक किती लांब, त्यावर अक्षर, आन् अक्षरावर पडदा."

"आणि ऊन?"

"समोर काचंचं दार हाय की. दहाला ऊन थेट भिंतीवर. दुकानात अंधार असतोय, तितं टीव्ही झळकतो. हितं त्याचा आरसा हुतोय. सूचना दिसत न्हाईत, मालकांचं तोंड दिसतंय."

मामांना ठसका लागला.

त्याला आता सूर सापडला होता. घरचा टीव्ही संध्याकाळी चार तास चालायच्या बेतानं बनवलेला असतो, इथं तीन पाळ्या, त्याला विसावा नाही. कामाचा पडदा दिवसभर चालायच्या बोलीनंच बनतो. त्याचा उजेड जास्त, काच बिनचकाकीची. बटणांना कुलूप घालता येतं, म्हणजे येणारा-जाणारा वाहिनी बदलत नाही. शिवाय हमी. घरचा टीव्ही कारखान्यात लावला, की कंपनी हात वर करते. हे सगळं त्यानं टिपणात लिहून दिलं होतं. मी ऐकत राहिले. हा माणूस भिंत मोजून, ऊन मोजून, मावशींचे डोळे मोजून मग यंत्राकडे वळला होता. मी तर संशयित मोजायच्या आधीच आरोपी ठरवून बसले होते.

पण ते तेव्हा कबूल करीन तर मी कसली! मी म्हटलं, "एवढा हुशार आहेस, तर पडद्यामागं हात घालून काय करत होतास ते सांग."

तो गप्प झाला. चांगला अर्धा तास गप्प. शेवटी म्हणाला, "मॅडम, नोकरी गेली तर जाऊ दे. पर तेवढं इचारू नका."

मला वाटलं, झालं! हीच कबुली. मी स्टेशन डायरी पुढं ओढली. तेवढ्यात मामांनी वायरमनपुढं चहा ठेवला आणि आपल्या खिशातला एक लिफाफा काढून टेबलावर उपडा केला. खोडलेल्या पाकळ्या!

"ओळ खोडली, मॅडम," मामा म्हणाले. "पाकळ्या कशा खोडायच्या?"

वायरमननं पाकळ्या बघितल्या आणि पहिल्यांदाच मान खाली घातली.

"हारच काढत हुतो," तो हळू म्हणाला. "टीव्हीची हवा वरनं भाईर पडती. हार नेमका त्या भोकांवर बसतोय. वर फुलास्नी पाणी मारल्यालं. यंत्र गुदमरतंय ओ. मालक जेवाय गेलं की काढायचा, खिडकीत कोऱ्या कागदावर ठेवायचा, निवलं की परत घालायचा. तेवढ्यात चार पाकळ्या गळत्यात."

"मग मालकांना सांगायचं!"

"पयला टीव्ही गेला तवा सांगितलं. म्हणले, देवाच्या हारानं कुठं टीव्ही मोडतोय व्हय? पुढं काय बोलू? मी बौद्ध माणूस. ह्यानं पूजेचा हार काढला, एवढंच लोक धरणार. टीव्हीचं ऱ्हाईल बाजूला."

मी वही उघडली. आता ती वाचता आली. मालक घरी जेवायला गेले त्या दिवशी पडदा सलग चालला होता. मालकांनी कार्यालयातच डबा खाल्ला त्या दिवशी विझला होता. म्हणजे ज्या दिवशी या माणसाचा हात लागला नाही, नेमका त्याच दिवशी पडदा विझत होता. पहारेकऱ्यानं हात बरोबर पाहिला होता. तो हात पडदा जगवत होता, हे त्याला दिसलं नव्हतं, आणि मी तर बघायचेही कष्ट घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मालकांसमोर खात्री करून घेतली. हार घालून सगळे बाकावर बसलो. दुपारी पडदा विझला. मालकांनी वर हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. हार काढला, निवू दिलं, पडदा संध्याकाळपर्यंत चालला.

मी तोऱ्यात म्हटलं, "रोज हार घालायची ही बुद्धी तुम्हाला कुणी दिली?"

मालक चाचरले. मग त्यांनी दाराशेजारच्या चौकटीकडे बोट केलं. चौकटीत वर्तमानपत्राचं कात्रण होतं. उद्घाटनाचा फोटो. टाचा उंचावून, दोन्ही हातांनी पहिला हार घालणारी मी. आणि खाली माझ्याच भाषणातलं वाक्य: यंत्र हाच आपला देव, त्याची रोज पूजा झाली पाहिजे.

"तुमच्या शब्दाखातर एक दिवस चुकवला न्हाय, मॅडम," मालक म्हणाले.

मामा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

मालकांनी तक्रार मागं घेतली. माणूस दिलदार होता. भर दालनात वायरमनला म्हणाले, "चुकलं माझं. आता पडदा तूच निवडायचा." सोमवारचे पाहुणे त्याच टीव्हीवर, पण बिनहाराच्या, पार पडले. पुढच्या महिन्यात वायरमनच्या हाती कायम झाल्याचा कागद आला आणि भिंतीवर त्याच्या मधल्या पुठ्ठ्याच्या मापाचा पडदा. दहाच्या उन्हातही बाकावरून अक्षरन् अक्षर दिसत होतं. मावशींनी मला खणखणीत वाचून दाखवलं.

उद्घाटनाला पुन्हा मलाच बोलावलं होतं. हातात हार दिला. सवयीनं माझ्या टाचा उंचावल्या, तोच शिडीवरून वायरमनचा आवाज आला, "मॅडम, हात मागं! बाजूला खिळा मारलाय की, त्याला घाला!"

सगळं दालन हसलं. माझं हसू सगळ्यात शेवटी थांबलं.

निवृत्तीपर्यंत मी पंचनाम्यातली एकही ओळ पुन्हा खोडायला लावली नाही. गप्प बसलेला माणूस दिसला, की तो काय लपवतोय याआधी तो कशाला भितोय हे विचारायला शिकले. मामांचा तो लिफाफा अजून माझ्या कपाटात आहे. पाकळ्यांचा भुगा झालाय.

परवा नातीनं तो उघडून विचारलं, "आजी, मग आरोपी सापडला का?"

म्हटलं, "सापडली की. रोज सकाळी आरशात हजेरी द्यायला येते."