नाव असलेल्या पुस्तकाला घासाघीस नाही

जुनी पुस्तकं गोळा करणाऱ्याच्या घरात पुस्तकांना जागा उरत नाही, पण किस्स्यांना कधी जागा कमी पडत नाही. त्यांना कपाट लागत नाही, वाळवी लागत नाही, आणि "हे आणखी कशाला आणलं?" असं बायको विचारत नाही. आमचा हा ढीग कित्येक वर्षं नुसता वाढतोय. पूर्वी मी हे किस्से सांगायला लागलो की आप्पा शेजारी बसून माझं चुकलेलं दुरुस्त करायचे. आताही ते शेजारी बसतात, पण कुणा तिऱ्हाइताची गोष्ट ऐकल्यासारखे हसतात. त्या हसण्याचा मला फार त्रास होतो. म्हणून म्हटलं, मला आठवतंय तोवर सांगून ठेवावं.

आधी माणसं सांगतो, उगाच घोटाळा नको. आप्पा म्हणजे मल्लिनाथ शिवप्पा. चाटी गल्लीत कापडाचं दुकान, आता मुलगा बघतो. त्यांचा छंद राष्ट्राध्यक्षांचा. अमेरिकेचे असोत, फ्रान्सचे असोत, नाहीतर आपले राष्ट्रपती. त्यांची चरित्रं, आठवणी, भाषणं, जे बाजारात मिळत नाही ते आप्पांना हवं. दुसरा व्यंकण्णा. त्याचा टॉवेलचा कारखाना आहे आणि तो आरमाराची पुस्तकं जमवतो. समुद्रावरच्या लढायांवर तासभर बोलेल, पण तलावात होडीत बसवला तर काठावर येईपर्यंत तीनदा ओकला! तिसरा मी, चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर. माझ्याकडे जमिनीवरच्या लढाया. आणि आम्हा तिघांचं दैवत एकच, विजापूर वेशीजवळ फूटपाथवर रद्दीतली पुस्तकं विकणारा रझाकभाई. रविवारी सकाळी आंघोळ करून आम्ही तिथं हजर.

*

आप्पा पुस्तकं घरात न्यायचे ती साडीच्या खोक्यातून. दुकान स्वतःचंच, खोक्यांना काय तोटा. वहिनींना वाटायचं, दुकानचा माल आलाय.

एकदा संक्रांतीला वहिनींनी हौसेनं खोकं उघडलं. आत इरकल नव्हतं. आत चामड्याच्या बाइंडिंगचं, विटेएवढं जाड पुस्तक, आणि कव्हरवर गालफडं बसलेला एक दाढीवाला राष्ट्राध्यक्ष.

वहिनी तशाच पुस्तक घेऊन बाहेर आल्या. आम्ही दोघं चहा पीत बसलेलो. म्हणाल्या, "सवत आणली असती तर चार भांडणं तरी केली असती की. ह्या दाढीवाल्याशी काय भांडू?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "भांडू नकोस. तो सगळ्यांना पुरून उरलेला हाय."

ते पुस्तक आप्पांचं सगळ्यात लाडकं. त्याच्या पहिल्या पानावर, इतर सगळ्या पुस्तकांवर असतं तसं, निळ्या शाईत ठसठशीत लिहिलेलं: मल्लिनाथ शिवप्पा, चाटी गल्ली, सोलापूर. नवीन पुस्तक घरात आलं की आधी नाव, मग पाणी, असा त्यांचा शिरस्ता.

*

मोडनिंबचे एक सुभेदार आमच्यात होते. फौजेतून आलेले, बोलणं कमी, पुस्तकं झकास. ते वारले, आणि महिन्याभरानं त्यांची सगळी पुस्तकं टेम्पोतून रझाकभाईकडे आली. प्रत्येकावर त्यांचं नाव.

मी आपला सवयीनं भाव पाडायला लागलो. कव्हर फाटलंय, पानं पिवळी पडलीत, वगैरे. आप्पांनी माझा दंडच धरला. "लाज वाटती का? गेलेल्या माणसाच्या पुस्तकाला घासाघीस करतोस?"

मग त्यांनी टोपी काढली, सुभेदारांचं नाव मोठ्यानं वाचलं, क्षणभर उभे राहिले आणि रझाकभाईनं सांगितले तेवढे पैसे दिले. त्या दिवसापासून आमच्यात नियमच झाला. पुस्तकावर कुणाचं नाव असेल तर नाव वाचायचं, गप उभं राहायचं, सांगेल ती किंमत द्यायची.

रझाकभाई कच्च्या गुरूचा चेला नाही. पुढच्या रविवारी बघतो तर ढिगातल्या प्रत्येक पुस्तकावर नाव! वेगवेगळ्या माणसांची नावं, पण अक्षर एक आणि बॉलपेनही तेच.

मी भडकलो. "भाई, काही लाजलज्जा?"

"क्या मियाँ, मैं क्या करूं," तो म्हणाला, "लोगाँ मररे तो."

आप्पांनी एक पुस्तक उचललं, वरचं खोटं नाव मोठ्यानं वाचलं, टोपी काढून उभे राहिले आणि पूर्ण पैसे दिले. मी म्हणालो, "आप्पा, अहो हे ह्यानंच लिहिलंय."

"लिहू दे की. ह्या नावाचा माणूस कुठं ना कुठं गेलाच असंल. त्याच्यासाठी कोण उभं राहिलं असंल का, काय म्हाईत."

रझाकभाईनं त्यानंतर बॉलपेनला हात लावला नाही.

*

कापडाच्या घड्या घालताना आप्पा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओळीनं म्हणायचे, एका घडीला एक नाव. दुसरा एखादा जप करतो, तसा यांचा हा जप. गिऱ्हाईक थांबून ऐकायचं. शेवटचं नाव आणि शेवटची घडी बरोबर जुळली की स्वतःवर खूश होऊन पान खायचे.

एके दिवशी मधला एक राष्ट्राध्यक्ष गळाला. व्यंकण्णा म्हणाला, "आप्पा, बिचाऱ्याला निवडणुकीत पाडलं की तुम्ही." सगळे हसलो. आप्पाही हसले.

दिवाळीपर्यंत निम्मे गळाले होते. आप्पा हातात अर्धी घडी घेऊन उभे राहायचे आणि पुढचं नाव येत नाही म्हणून पुढची घडी घालायचे नाहीत. मुलगा हळूच येऊन कापड काढून घ्यायचा. व्यंकण्णानं मग दुकानात जाणंच सोडलं. "मला बघवत नाही," म्हणाला. मलाही बघवत नव्हतं, पण मी जात राहिलो.

*

नातेपुत्याला एका वकिलाचं जुनं कपाट निघालंय असं कळलं, म्हणून व्यंकण्णाच्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. कपाटात कायद्याची पुस्तकं आणि उंदराच्या लेंड्या, दुसरं काही नाही. तरी आप्पा गाडीत बसून खूश होते. येताना मोडनिंबला चहाला थांबलो.

कप खाली ठेवून आप्पा म्हणाले, "आता आलोच हाय तर सुभेदारांना भेटून जाऊ. लई दिवस झाले."

मी व्यंकण्णाकडे बघितलं. व्यंकण्णा चहाकडे. शेवटी तोच म्हणाला, "आप्पा, ते नाहीत हितं. गावाला गेलेत."

"मग थांबू की. येतील."

थांबलो. काय करणार? ऊन उतरलं तेव्हा आप्पांनी पिशवीतून एक पुस्तक काढून टपरीवाल्याच्या हातात दिलं. "सुभेदार आले की द्या. म्हणावं, सोलापूरचा मल्लिनाथ येऊन गेला."

टपरीवाला गावचाच. सुभेदारांच्या मयतीलाही गेला असेल. त्यानं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं, ओला हात पंच्याला पुसला आणि पुस्तक घेतलं. "व्हय, देतो की. काळजी करू नका तुमी."

 सोलापूर येईपर्यंत गाडीत आप्पा तेवढे गुणगुणत होते.

*

मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, माणूस आनंदात ठेवा. आता आप्पांना आनंद कशाचा, तर रविवारी रझाकभाईच्या ढिगात हवं ते पुस्तक सापडण्याचा. पण राष्ट्राध्यक्षांची जुनी पुस्तकं सोलापुरात दर रविवारी कुठून यायची? रिकाम्या हातानं परत आले की दिवसभर जेवायचे नाहीत.

एका शनिवारी वहिनींनी मला बोलावून पिशवी दिली. आत आप्पांचीच दोन पुस्तकं.

"भावजी, ही रझाकच्या ढिगात ठेवा. त्यांना सापडू देत."

मी म्हणालो, "वहिनी, त्यांचीच पुस्तकं त्यांनाच?"

"त्यांना कुटं आठवतंय त्यांची हायत म्हणून? असण्यातलं सुख गेलं, भावजी. सापडण्यातलं तेवढं राहिलंय. तेवढं तरी राहू दे की."

काम माझ्याकडे आलं. पहिल्या पानावरच्या नावावर मी पिवळट कागदाची पट्टी चिकटवायचो आणि सकाळी लवकर जाऊन पुस्तकं ढिगात खोल दाबून ठेवायचो. आप्पा यायचे, उपसत बसायचे आणि मिळालं की चेहरा असा व्हायचा की काय सांगू. मला बाजूला घेऊन कानात म्हणायचे, "हळू बोल. ह्या रझाकला ह्याची किंमत कळंना. सगळी उमर शोधतोय मी हे." आणि रझाकभाई डोकं खाजवत म्हणायचा, "कैकू लेरे आप्पा, पुराना है." संध्याकाळी तोच ते पैसे वहिनींकडे पोचवायचा. एक रुपया ठेवला नाही कधी, आणि तेही रझाकभाईनं.

पुस्तक परत घरात जायचं ते साडीच्या खोक्यातूनच. ते मात्र आप्पा विसरले नव्हते. आणि वहिनी दारात उभ्या राहून दर रविवारी आधी कानडीत, मग मराठीत ओरडायच्या, "साकु! पुरे झालं! हे आणखी कशाला आणलं?" त्या ओरडल्या नाहीत तर आप्पांना चोरून आणल्यासारखं वाटलं नसतं.

मी एकदा म्हणालो, "वहिनी, तुम्ही नाटकात पाहिजे होता."

त्या हसल्या आणि मग पदर डोळ्याला लावून आत गेल्या. एव्हाना आप्पा अधूनमधून त्यांनाच विचारायचे, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

*

परवाचा रविवार. आता आप्पांना रस्ता सापडत नाही, त्यामुळे वहिनी सोबत येतात. बाकीची सगळी एकेकदा सापडून झाली होती, म्हणून त्या वेळी मी दाढीवाला ठेवला होता. पट्टी नीट चिकटवलेली. पण ऊन लई होतं, डिंक सुटला.

आप्पांनी ढिगातून पुस्तक ओढलं आणि दाढीवाल्याचं तोंड बघून लहान पोरासारखे हसले. पहिलं पान उघडलं. पट्टी उडून खाली पडली. मी ती उचलायला वाकलो, तोवर आप्पांनी वाचायला सुरुवातही केली होती. नियमाप्रमाणे, मोठ्यानं.

"मल्लिनाथ शिवप्पा. चाटी गल्ली, सोलापूर."

रझाकभाईच्या हातातली सुतळी तशीच राहिली. व्यंकण्णानं माझा खांदा धरला. आप्पांनी टोपी काढली, पुस्तक छातीशी धरलं आणि उभे राहिले. रिक्षा जात होत्या, लोक धक्के देत जात होते. आम्हीही उभे राहिलो. वहिनीही.

मग टोपी घालून त्यांनी किंमत विचारली. रझाकभाईनं सुतळी खाली ठेवली. "ऐसेच ले जाव आप्पा. पैसे नक्को."

"लाज वाटती का?" आप्पा म्हणाले. "गेलेल्या माणसाचं पुस्तक फुकट घेऊ?"

रझाकभाईनं तोंडाला येईल तो आकडा सांगितला. आप्पांनी तेवढे दिले. दोन पावलं गेले आणि थांबले.

"चाटी गल्ली म्हणजे आमच्याच गल्लीतला की. चांगला माणूस असणार, लई जपून वापरलंय." मग वहिनींकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, ह्यांच्या घरी कोण हाय आता?"

वहिनी म्हणाल्या, "बायको हाय."

"एकटीच?"

"व्हय. एकटीच."

"मग असं कसं," आप्पा म्हणाले, "चला, तिला भेटून येऊ."

वहिनींनी त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं, त्यांचा हात धरला आणि दोघं चाटी गल्लीच्या दिशेनं चालायला लागले.